व्हिडिओ कन्व्हर्जन अर्ध्यावर कोसळतंय? आधी ते कुठे कोसळतं ते लिहून ठेवा

रात्री कन्व्हर्जन लावून झोपलात, सकाळी पाहता तर ६३ टक्क्यांवर खिडकी गायब. पुन्हा लावलं, पहिले पाढे पंचावन्न. जुन्या टेप, मोबाइलवरची रेकॉर्डिंग, तीन-तीन तासांची व्याख्यानं असं बरंच काही मी वर्षानुवर्षं एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात करत आलोय. हा बिघाड स्वतःच्या आणि इतरांच्या मशीनवर इतक्यांदा निस्तरलाय, की कोणी "अर्ध्यावर बंद पडतं हो" म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दर वेळी त्याच जागी, की वेगवेगळ्या?

याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलेलं असतं, दुसरं सॉफ्टवेअर आणून पाहिलेलं असतं, कोणी तर अख्खं विंडोज नव्याने टाकून मोकळं झालेलं असतं. पण कुठे थांबतं ते मात्र कोणी टिपलेलं नसतं. म्हणून उपायांच्या आधी लक्षणं.

लक्षणं

– दर वेळी व्हिडिओच्या त्याच मिनिटाला थांबतं. संशय मूळ फाइलवर. त्या जागी काहीतरी खराब आहे.

– कधी २० टक्क्यांवर, कधी ७० वर, कधी चक्क पूर्ण होतं. फाइल निर्दोष असण्याची शक्यता जास्त. मेमरी, उष्णता, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर), केबल यांच्याकडे बघायचं.

– टक्का बदलतो, पण तयार होणारी फाइल ४ जीबीच्या आसपास पोचली की गाडी अडते. इथे एन्कोडिंगचा (चित्र-आवाज नव्या फॉरमॅटमध्ये बांधण्याचा) काही संबंध नाही, डिस्कच्या फॉरमॅटचा आहे.

– ९९ किंवा १०० टक्क्यांना पोचून मग कोसळतं. चित्र तयार झालेलं असतं, फाइल बांधून पूर्ण करण्याचं काम अडलेलं असतं.

– स्क्रीन क्षणभर काळी होते, परत येते, आणि तोवर प्रोग्राम गेलेला असतो. ग्राफिक्स ड्रायव्हर.

– प्रोग्राम नव्हे, अख्खं मशीनच बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं. सॉफ्टवेअरला दोष देणं थांबवा. हे हार्डवेअरचं किंवा अगदी खालच्या थरातल्या ड्रायव्हरचं दुखणं आहे.

– काही कोसळत नाही, नुसता टक्का हलायचा थांबतो. बहुतेक वेळा डिस्क किंवा तिची केबल. क्वचित एखादा भारी फिल्टर खरोखरच इतका हळू चाललेला असतो, तेव्हा मारून टाकण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर आणि डिस्क काही काम करतायत का ते पाहा.

पहिलं काम: दोनदा चालवा आणि टिपून ठेवा

काहीही न बदलता, तीच फाइल त्याच सेटिंगवर दोनदा चालवा. दोन्ही वेळा तीन गोष्टी कागदावर लिहा: किती टक्क्यांवर थांबलं, सुरू केल्यापासून किती वेळाने थांबलं, आणि तोवर तयार झालेली फाइल किती मोठी होती. दोन पासचं (व्हिडिओवरून दोनदा फिरून केलेलं) एन्कोडिंग असेल तर कितव्या पासमध्ये तेही लिहा, कारण बऱ्याच प्रोग्राममध्ये दुसऱ्या पासला टक्का पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि "४० टक्के" म्हणजे नेमकं काय ते नंतर कळत नाही.

हे काम कंटाळवाणं आहे, कबूल. पण टक्का जुळला तर फाइल, वेळ जुळली तर बहुधा उष्णता, आकार जुळला तर डिस्क, आणि काहीच जुळलं नाही तर मेमरी किंवा ड्रायव्हर. एका कागदाने निम्मी यादी बाद होते. हे न करता सॉफ्टवेअर बदलत बसणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यातून गंमत अशी, की फुकट मिळणारे बहुतेक कन्व्हर्टर आतून एफएफएमपेग नावाच्या एकाच प्रोग्रामचा कोड वापरतात. हँडब्रेक घ्या, शटर एन्कोडर घ्या, व्हिडिओ वाचणारा भाग बऱ्याच अंशी तोच. त्यामुळे प्रोग्राम बदलूनही दुखणं तसंच राहिलं तर नवल नाही.

टिपण झालं की लॉग (प्रोग्रामने स्वतः लिहिलेली कामाची नोंद) उघडा. हँडब्रेकमध्ये अ‍ॅक्टिव्हिटी लॉग नावाची खिडकी असते, इतरांमध्येही काहीतरी तत्सम असतंच. अख्खा वाचायची गरज नाही, शेवटच्या वीसेक ओळी पुरे. "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" दिसलं तर डिस्क भरली. "कॅनॉट अलोकेट मेमरी" दिसलं तर मेमरी संपली. "इनव्हॅलिड डेटा फाउंड" ही ओळ नेमकी शेवटी आली असेल तर मूळ फाइल. अशी एखाददुसरी ओळ मध्येच येऊन पुढे काम चालू राहिलं असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करा. आणि लॉग मध्येच, काहीही तक्रार न करता संपला असेल, तर तीही माहितीच आहे: प्रोग्रामला शेवटचा शब्द लिहायलाही वेळ मिळाला नाही, कोणीतरी बाहेरून त्याचा गळा धरला.

विंडोजवर याच्या जोडीला रिलायबिलिटी मॉनिटर उघडून पाहा. स्टार्ट मेन्यूत नाव टाइप केलं की सापडतो. त्या दिवसापुढे लाल फुली असेल तर तिच्यात कोसळलेल्या मॉड्यूलचं (प्रोग्रामच्या भागाचं) नाव मिळतं. ते नाव ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरचं असेल तर तुमचा बराच वेळ वाचला. तिथे एक एरर कोड नेहमी भेटतो: सी, मग सहा शून्यं, शेवटी पाच. त्याचा अर्थ प्रोग्रामने आपली नसलेली मेमरी वाचायचा किंवा लिहायचा प्रयत्न केला, इतकाच. तो का केला हे त्यातून कळत नाही, त्यामुळे त्या आकड्यावर शोध घेत रात्र घालवू नका.

जागा, फॉरमॅट आणि झोप

आता फुकटातल्या तपासण्या.

ज्या डिस्कवर नवी फाइल लिहिली जातेय तिथे जागा किती आहे ते तर बघालच, पण सिस्टीम ड्राइव्हवरही बघा. अनेक प्रोग्राम तात्पुरत्या फाइल तिथल्या टेम्प फोल्डरमध्ये ठेवतात, तुम्ही आउटपुट कुठेही द्या. बाहेरच्या डिस्कवर शेकडो जीबी मोकळे आणि आतल्या ड्राइव्हवर अडीच जीबी, हे दृश्य मी बऱ्याचदा पाहिलंय. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये टेम्पची जागा बदलता येते का ते शोधा, नसेल तर तिथली अडगळ साफ करा.

मग फॉरमॅट. डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये "फॅट३२" लिहिलेलं असेल तर एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबी आहे, डिस्क केवढीही असो. कॅमेरे लांब रेकॉर्डिंगचे ४-४ जीबीचे तुकडे पाडतात त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. आउटपुट एनटीएफएस किंवा एक्सफॅट असलेल्या डिस्कवर द्या, प्रश्न मिटला. डिस्क पुन्हा फॉरमॅट करणार असाल तर आधी तिच्यावरचं सगळं दुसरीकडे हलवा, फॉरमॅटमध्ये काहीही उरत नाही.

शेवटच्या टक्क्यावर कोसळणाऱ्यांसाठी वेगळं. एमपी४ फाइलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते आणि ती साधारणपणे सगळ्यात शेवटी लिहिली जाते. "वेब ऑप्टिमाइझ्ड" किंवा "फास्ट स्टार्ट" चालू असेल तर ती अनुक्रमणिका पुढे आणण्यासाठी फाइलची पुन्हा मांडणी करावी लागते. तो पर्याय काढून एकदा चालवा. चाललं तर जागेचा किंवा त्या डिस्कवर लिहिण्याचाच प्रश्न होता. आउटपुट फोल्डर क्लाउडशी आपोआप सिंक होणारा असेल तर तोही बदला, कारण सिंक करणारा प्रोग्राम नेमक्या त्याच वेळी फाइल धरून बसू शकतो.

याच अनुक्रमणिकेमुळे अर्धवट राहिलेली एमपी४ फाइल सहसा उघडतच नाही. म्हणून शोध चालू असेपर्यंत आउटपुट एमकेव्ही या दुसऱ्या फाइल-प्रकारात घ्या. कोसळलं तरी तोवरचा भाग प्लेअरमध्ये चालतो, आणि शेवटचं चित्र कुठलं होतं ते डोळ्यांनी दिसतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी युक्ती हीच.

मशीन झोपी जात नाही ना, हेही बघून घ्या. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद, लॅपटॉप चार्जरवर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद.

केबल

हिला वेगळा मथळा द्यायचं कारण, तिने माझ्या तीन रात्री खाल्ल्या आहेत. जुन्या मिनीडीव्ही टेप उतरवत होतो. या टेपचं तासाभराचं चित्रण १३ जीबीच्या आसपास भरतं, त्यामुळे सगळा माल बाहेरच्या डिस्कवर. कन्व्हर्जन दर वेळी वेगळ्याच जागी मरायचं. मी प्रोग्रामच्या तीन आवृत्त्या बदलल्या, ड्रायव्हर बदलला, रॅम तपासली. शेवटी कंटाळून फाइल आतल्या डिस्कवर कॉपी करायला गेलो तर कॉपीच अर्ध्यावर तुटली. यूएसबी केबलचं टोक किंचित सैल होतं, टेबलाला धक्का लागला की डिस्क क्षणभर नाहीशी व्हायची.

तेव्हापासून माझा नियम: मूळ फाइल आधी आतल्या डिस्कवर कॉपी करायची, आउटपुटही आतच घ्यायचं, आणि मगच कन्व्हर्जन लावायचं. कॉपी सुरळीत झाली नाही तर एन्कोडिंगचा विषयच नाही, केबल, पोर्ट किंवा डिस्क बघा. कॉपी झाली आणि कन्व्हर्जनही झालं, तर दोषी सापडला.

मूळ फाइल

त्याच जागी थांबणाऱ्यांनी इथे रेंगाळायचं, बाकीच्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

"पण प्लेअरमध्ये तर नीट चालते" असं हमखास ऐकायला मिळतं. प्लेअर मनाने उदार असतो. एखादी फ्रेम फुटलेली असली तर तो हिरवे चौकोन दाखवतो, आवाज अर्धा सेकंद गिळतो आणि पुढे सरकतो. कन्व्हर्टरला प्रत्येक फ्रेम उलगडून पुन्हा बांधायची असते. त्यामुळे प्लेअरमध्ये चालणं हा निर्दोष असल्याचा दाखला नव्हे. तरी थांबण्याच्या जागेच्या मिनिटभर आधीपासून लक्ष देऊन बघा. चित्र फाटलं, आवाज तुटला, वेळेचा आकडा उडी मारून पुढे गेला, तर जागा पक्की.

मग तेवढाच तुकडा कन्व्हर्ट करा. हँडब्रेकमध्ये रेंज अध्यायांऐवजी सेकंदांत देता येते. समजा ४२व्या मिनिटाला कोसळतं: २४०० ते २६४० सेकंद एवढीच रेंज द्या. चार मिनिटांचा तुकडा, लगेच निकाल. तो तुकडाही कोसळला तर फाइलच खराब यात शंका उरत नाही, आणि यापुढचा प्रत्येक प्रयोग या तुकड्यावर करता येतो, दर वेळी पूर्ण व्हिडिओ चालवावा लागत नाही. तुकडा सुखरूप झाला तर फाइलवरचा संशय कमी करा, कारण मग लांब वेळ चालल्यामुळे साचणारं काहीतरी आहे, उष्णता किंवा मेमरी.

फाइल खराब ठरली तर पहिला उपाय रीमक्स. म्हणजे चित्र आणि आवाज जसेच्या तसे ठेवून फक्त डबा (एमपी४, एमकेव्ही असा फाइलचा प्रकार) बदलायचा. एमकेव्हीटूलनिक्समध्ये फाइल टाका, काही न बदलता मक्सिंग सुरू करा. पुन्हा एन्कोडिंग होत नसल्यामुळे मोठी फाइलही मिनिटांत होते. वेळेचे शिक्के गडबडलेले असतील, मूळ डब्याची मांडणी बिघडलेली असेल, तर एवढ्याने भागतं. टीव्ही ट्यूनरवरून किंवा लाइव्ह प्रसारणातून घेतलेल्या रेकॉर्डिंगला हा उपाय विशेष लागू पडतो, कारण त्यांत सिग्नल तुटला की वेळेची साखळीही तुटते.

रीमक्सने भागलं नाही तर ट्रॅक एकेक करून काढा. आधी सबटायटल, मग जास्तीचे आवाजाचे ट्रॅक, मग मुख्य आवाज. "पासथ्रू" लावलेला (म्हणजे न बदलता जसाच्या तसा घेतलेला) आवाज असेल तर त्याऐवजी तो एएसी या फॉरमॅटमध्ये करून बघा. चित्राला दोष देत दोन दिवस घालवावेत आणि सापडावा एखादा कोणी न ऐकणारा दुसऱ्या भाषेतला आवाजाचा ट्रॅक, असं होतं. फिल्टरही याच वेळी बंद करा, डीइंटरलेस (जुन्या चित्रणातल्या आडव्या रेघा घालवणारा) आणि नॉइज कमी करणारे आधी.

सगळं करूनही ती जागा अडलीच तर तिला वळसा घाला. सुरुवातीपासून बिघाडाच्या पाच सेकंद आधीपर्यंत एक भाग, बिघाडानंतर पाच सेकंदांपासून शेवटपर्यंत दुसरा. दोन्हीची सेटिंग अगदी एकसारखी ठेवा, मग पुन्हा एन्कोड न करता जोडता येतात. दहा सेकंद गेले, बाकीचं वाचलं.

एक पथ्य: दुरुस्तीचा कुठलाही प्रयोग मूळ फाइलवर करायचा नाही, कायम कॉपीवर. टेप पुसली गेली असेल, फोन विकला असेल, तर ती खराब फाइलच तुमच्याजवळची एकमेव प्रत असते.

ग्राफिक्स कार्डाकडून काम काढून घ्या

वेगवेगळ्या जागी कोसळत असेल तर हा प्रयोग सर्वात आधी करा, एका मेन्यूचं काम आहे. व्हिडिओ एन्कोडरच्या यादीत एनव्हीएन्क, क्विक सिंक किंवा एएमडीचा व्हीसीई असं काही निवडलेलं असेल तर ते बदलून साधा एक्स२६४ निवडा. हे पहिले तिन्ही चित्र बांधायचं काम ग्राफिक्स चिपवर टाकतात, एक्स२६४ ते प्रोसेसरवर करतो. वेळ कितीतरी पट जास्त लागेल, पण मध्ये ग्राफिक्स ड्रायव्हर नसल्यामुळे निदान स्वच्छ होतं. सेटिंगमध्ये हार्डवेअर डीकोडिंग वेगळं असतं, तेही बंद करा. बरेच जण एन्कोडर बदलतात आणि डीकोडर तसाच ठेवतात, मग निष्कर्ष चुकतो.

स्क्रीन काळी होऊन परत येणं म्हणजे काय? विंडोज ग्राफिक्स चिपला काम देतं आणि उत्तराची वाट पाहतं. मूळ सेटिंगप्रमाणे २ सेकंदांत उत्तर आलं नाही तर चिप अडकली असं समजून ड्रायव्हर झटकून पुन्हा सुरू करतं. डेस्कटॉप परत येतो, पण त्या चिपवर काम करत असलेल्या प्रोग्रामच्या पायाखालची जमीन गेलेली असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये याची नोंद ४१०१ या क्रमांकाने होते. ही २ सेकंदांची मुदत रजिस्ट्रीतून वाढवायचा सल्ला सगळीकडे मिळेल. मी तो सुरुवातीला देत नाही, कारण मुदत वाढवल्याने चिप का अडकते ते कळत नाही, फक्त ती जास्त वेळ अडकून राहते.

एक्स२६४ने काम सुरळीत झालं तर ड्रायव्हर नव्याने टाका, क्लीन इन्स्टॉलचा पर्याय निवडून. आणि त्रास ड्रायव्हर अपडेट केल्यानंतरच सुरू झाला असेल तर उलटं करा, आधीच्या आवृत्तीवर परत जा. नवा म्हणजे चांगलाच असं काही नसतं. त्याच वेळी एकाहून जास्त कन्व्हर्जन, स्क्रीन रेकॉर्डिंग किंवा गेम चालू नाही ना तेही बघा. एनव्हिडियाची घरगुती कार्डं एका वेळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त एन्कोडिंग स्वीकारत नाहीत.

मेमरी पुरते का?

४के व्हिडिओची एक उलगडलेली फ्रेम साधारण १२ एमबी जागा घेते. १०-बिट (रंगांच्या जास्त छटांचा) असेल तर मेमरीत जवळपास दुप्पट. एन्कोडर एका वेळी एकच फ्रेम हाताळत नाही. पुढे काय येतंय ते बघून बिट वाटता यावेत म्हणून तो पुढच्या कित्येक फ्रेम हाताशी ठेवतो. एक्स२६४च्या मीडियम प्रीसेटमध्ये (वेगानुसार ठरवलेल्या तयार सेटिंगमध्ये) ही संख्या ४० आहे, व्हेरी स्लोमध्ये ६०. म्हणजे १०-बिट ४के असेल तर फक्त पुढचं बघायलाच १ ते दीड जीबी, त्यावर संदर्भासाठी ठेवलेल्या फ्रेम, फिल्टरच्या फ्रेम, आणि शेजारी तीस टॅब उघडलेला ब्राउझर.

म्हणून: ब्राउझर बंद, प्रीसेट दोन पायऱ्या वेगवान, फिल्टर बंद, आणि पुन्हा चालवा. टास्क मॅनेजर उघडा ठेवून मेमरीचा आलेख बघत राहा. आलेख हळूहळू चढतच राहिला आणि वर टेकला की प्रोग्राम गेला, तर कारण समोर आहे. ठरावीक पातळीवर स्थिर राहूनही कोसळत असेल तर मेमरी अपुरी नाही (सदोष असू शकते, ते पुढे). एकाच प्रोग्राममध्ये आलेख उगाच चढत असेल तर ती त्या आवृत्तीतली गळती, आवृत्ती बदला.

रॅम भरपूर आहे म्हणून कोणी पेजफाइल (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी फाइल) बंद करून ठेवली असेल तर ती "सिस्टीम मॅनेज्ड" करून टाका. आणि प्रोग्राम ३२-बिटचा असेल तर मशीनमध्ये ६४ जीबी रॅम असूनही त्याच्या वाट्याला २ जीबी, फार तर ४ जीबी येते. अशा प्रोग्रामला ४के देऊच नका.

लिनक्सवर प्रोग्राम निमूटपणे मेला आणि बाहेर पडतानाचा कोड १३७ असेल तर कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) नोंदींमध्ये "आउट ऑफ मेमरी" शोधा. बहुतेक वेळा मेमरी वाचवण्यासाठी कर्नलनेच त्याला मारलेलं असतं.

उष्णता

एन्कोडिंग म्हणजे प्रोसेसरच्या सगळ्या कोअरना तासन्‌तास पूर्ण ताण. रोजच्या वापरात मशीनला इतकं कोणी पळवत नाही. त्यामुळे "बाकी सगळं नीट चालतं, फक्त कन्व्हर्जनला मरतं" हे वाक्य कन्व्हर्टरच्या विरोधातला पुरावा नाही, कन्व्हर्टर फक्त झाकलेलं दुखणं उघडं करतो.

एचडब्ल्यूइन्फोसारखा प्रोग्राम लावून कन्व्हर्जन चालू असताना तापमान बघा. बहुतेक प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मर्यादेजवळ गेला की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, तेवढ्यानेही भागलं नाही तर मशीन तडकाफडकी बंद करतो. निळी स्क्रीन नाही, सूचना नाही. निव्वळ उष्णतेने सहसा अख्खं मशीन जातं, एकटा प्रोग्राम नाही. मात्र काठावर असलेली रॅम किंवा वीज देणारे भाग तापले की हिशेब चुकू लागतात, आणि तेव्हा एकटा प्रोग्रामही कोसळू शकतो.

लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा, मागची बाजू थोडी उंच करा. जाळ्यांतली धूळ मशीन बंद करून काढा, फुंकर मारणारा डबा वापरत असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून खराब होतो. मग एक साधी कसोटी: प्रोग्रामला किंवा पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरला ७०-८० टक्क्यांची मर्यादा घाला आणि तीच फाइल चालवा. सावकाश पण पूर्ण झाली, तर उष्णता किंवा वीज, दोघांपैकी एक.

प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलणं डेस्कटॉपमध्ये जमण्यासारखं आहे. लॅपटॉपमध्ये, आधी कधी उघडला नसेल, तर नको.

ओव्हरक्लॉक आणि बायोस

प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड वाढीव वेगावर चालवत असाल तर मूळ वेगावर आणा. "पण गेम तर तासन्‌तास चालतात" हा युक्तिवाद इथे लागू नाही, एन्कोडर प्रोसेसरच्या एव्हीएक्स नावाच्या जड गणिती सूचना सतत वापरतो आणि त्यांचा ताण वेगळा असतो. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल हेही ओव्हरक्लॉकच, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन बंद करा आणि तपासा.

इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर असतील तर बायोसची नवी आवृत्ती आली आहे का ते आवर्जून बघा. या मालिकेतले काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज घेऊन अस्थिर होतात हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, बायोसमधून सुधारणा दिली आणि हमीची मुदत २ वर्षांनी वाढवली. त्या सुधारणेने पुढचं नुकसान टळतं, आधीच झालेलं भरून निघत नाही. त्यामुळे अपडेटनंतरही कोसळत राहिलं तर सेटिंगशी झटापट न करता हमीतून बदलून मागा.

रॅम आणि डिस्कची तपासणी

इथे पैसे लागत नाहीत, एक रात्र लागते. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा आणि चारही फेऱ्या होऊ द्या. निकालात एक जरी चूक आली तरी ती चूकच आहे, "एकच तर आहे" असं म्हणायचं नाही. चूक आली तर एक्सएमपी बंद करून पुन्हा, मग एकेक पट्टी काढून पुन्हा. दोषी पट्टी सापडते.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो. "करंट पेंडिंग सेक्टर" किंवा "अनकरेक्टेबल" यांपुढे शून्याखेरीज आकडा दिसला तर कन्व्हर्जन विसरा, आधी डेटा हलवा. "सीआरसी एरर" वाढत असेल तर बहुधा डिस्क ठीक आहे, केबल बदला.

इथे थांबा

काही ठिकाणी पुढे जायचं नाही, जाणकार माणसाला बोलवायचं:

डिस्कमधून टकटक किंवा खरवडल्यासारखा आवाज येतोय. लगेच बंद करा. डिस्क दुरुस्त करणारे प्रोग्राम चालवू नका, ते मरणाऱ्या डिस्कला धावायला लावतात. आत मोलाचं काही असेल तर ती थेट डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडे.

ताण आला की मशीन बंद होतं आणि तापमान मात्र मर्यादेच्या बरंच खाली आहे. पॉवर सप्लायवर संशय जातो. तो बदलता येतो, उघडायचा कधीच नाही. वायर काढल्यानंतरही आतले कपॅसिटर धक्का देण्याइतकी वीज धरून असू शकतात.

लॅपटॉपचं पोट फुगलंय, टचपॅड वर आलाय, झाकण नीट लागत नाही. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "व्हिया लॉगर"च्या (WHEA-Logger) हार्डवेअर एररच्या नोंदी पुन्हा पुन्हा दिसतायत, सगळं मूळ वेगावर आणलंय, रॅम निर्दोष आहे. मग प्रोसेसर किंवा मदरबोर्ड. सुटे भाग बदलून बघायला दुसरा संच लागतो, तो घरी नसतो. हमी चालू असेल तर झाकणाला हातही लावू नका.

मशीन नेताना सोबत तो दोन फेऱ्यांचा कागद, लॉगची फाइल आणि हमखास कोसळवणारा चार मिनिटांचा तुकडा पेन ड्राइव्हवर न्या. "अर्ध्यावर बंद पडतं" एवढंच सांगितलं तर तो माणूस मशीन सुरू करेल, दहा मिनिटं बघेल, आणि "आमच्याकडे तर नीट चाललं" म्हणून परत देईल.